विमल सिस्टरची तयारी

विमल सिस्टरना घाणीची किळस येत नाही, हे दारव्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांनी उभी हयात काढली. किडे पडलेला पाय, भाजून अंगाला चिकटलेली साडी, ओकाऱ्या, रक्त, काय काय त्यांच्या हाताखालून गेलं असेल कोण जाणे. नव्या पोरी नाकाला पदर लावायच्या तेव्हा सिस्टर डाफरायच्या, "नाक काहून झाकता वं? माणसाचाच पू आहे ना तो?" दवाखाना आता नावापुरता उरलाय आणि सिस्टर रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. पण कोणाला गळू झालं की तो डॉक्टरकडे जायच्या आधी त्यांच्या ओसरीवर येतो. त्या चष्मा चढवतात, दाबून बघतात, आणि पिकलं नसेल तर पोटीस बांधून परत पाठवतात.

त्यांना किळस येते ती गुळगुळीत बोलण्याची. "काही चुकलं असेल तर माफ करा," असं कोणी म्हणालं की त्यांच्या कपाळावर आठी चढते. असेल तर म्हणजे काय? चुकलं की नाही ते तुला ठाऊक नाही, तर मग माफी कसली मागतोस? आणि हल्ली हा 'असेल तर' गावभर पसरलाय. सणासुदीला सकाळी मोबाइल उघडला की फुलं, दिवे आणि हात जोडलेलं चित्र: 'वर्षभरात कळत नकळत आपलं मन दुखावलं असेल तर क्षमस्व.' तेही एकाच वेळी सगळ्या गावाला. सासूला उपाशी ठेवणाऱ्या सुनेकडून आणि सुनेला मारणाऱ्या सासऱ्याकडूनही तेच चित्र, तीच फुलं. सिस्टर एकदा चिडून म्हणाल्या होत्या, "ज्याचं दुखवलं त्याच्या घरी जायले यायले पाय नाहीत, अन् अंगठा मात्र बरोबर चालते." त्या दिवसापासून त्या सणाचे मेसेज न उघडताच पुसतात.

त्यांच्या या चिडीला कारण आहे. सिस्टर ज्या मंडळीत वाढल्या ती लहानशी, टिनाच्या छपराच्या चर्चची, पण तिची एक जुनी रीत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे वेदीपाशी गुडघे टेकून पावाचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. त्याआधीच्या आठवड्याला 'तयारी' म्हणायचे. ज्याचं आपण वाकडं केलं असेल त्याच्या दारी या आठवड्यात जायचं, काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं, आणि भरून देण्यासारखं असेल ते भरून द्यायचं. मगच वेदीकडे यायचं. ज्याची तयारी झाली नसेल तो बाकावर बसून राही. त्याला कोणी विचारायचं नाही, पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तेसुद्धा नाही.

पंजाबराव नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी शेजाऱ्याच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, सरकवून त्याची जमीन आपल्यात घेतली होती. तो शेजारी काही ख्रिस्ती नव्हता, त्याला या रीतीचा गंधही नव्हता. पण पंजाबराव महिनोन् महिने बाकाला खिळून बसले. बायको वेदीशी जाई, सून जाई, हे मात्र खाली मान घालून पायांचे अंगठे बघत. शेवटी एका भल्या सकाळी त्यांनी स्वतःच धुऱ्याचे दगड उपटून जागच्या जागी लावले, शेजाऱ्याला हाक मारून दाखवले, आणि पुढच्या रविवारी वेदीपाशी आले. टाळ्या वाजल्या नाहीत. बायामाणसं उगाच पदरानं डोळे टिपत होती, एवढंच. सिस्टरच्या लेखी पश्चात्ताप म्हणजे ते दगड.

वेदीवरची ती भाकर, म्हणजे पाव, नौशादच्या भट्टीतून येई. मिशनच्या साहेबांच्या काळापासूनचा हा शिरस्ता; तेव्हा भट्टी नौशादच्या आजोबांची होती. मग त्याचे वडील मुख्तारचाचा बसू लागले, मग नौशाद. आदल्या दिवशी संध्याकाळी भट्टी निवायच्या बेतात आली की चाचा बिनामिठाचा एकच मोठा पाव भाजत, तोही हातपाय धुऊन. स्वच्छ फडक्यात बांधून देताना म्हणत, "इबादत का पाव है, संभाल के." मुसलमानाच्या हातचा पाव ख्रिस्ती वेदीवर, याचं नवल बाहेरून आलेल्या माणसालाच वाटे. सिस्टर दर महिन्याला स्वतः जात, नसरीनशी, म्हणजे नौशादच्या बायकोशी, गुडघ्यांच्या आणि लेकरांच्या गप्पा मारत, आणि पाव छातीशी धरून घरी येत.

गेल्या वर्षी एका शनिवारी गुडघ्यानं दगा दिला. पाव आणायला अमर गेला.

अमर म्हणजे सिस्टरचा एकुलता एक मुलगा. तिशी उलटली होती आणि हाताला धड काम नव्हतं. मोबाइलवर त्यानं दारव्ह्याच्या बातम्यांचं एक चॅनेल काढलं होतं. गटार तुंबलं, बैल विहिरीत पडला, तुरीचा भाव उतरला, असं काहीबाही तो दाखवी. पाव घ्यायला गेला तेव्हा भट्टीचाही व्हिडिओ घेऊ लागला. मुख्तारचाचा नेहमीसारखे रिकाम्या पत्र्यावर वाकून भट्टीची राख फुंकत होते. राख उडाली, मग त्यांनी पत्रा फडक्यानं पुसला, मग त्यावर कणकेचे गोळे मांडले. अमरनं घरी येऊन पुढचं मागचं कापलं. फडकं गेलं, राख गेली. उरला दाढीवाला म्हातारा, पत्र्यावर वाकलेला, ओठांचा चंबू केलेला, आणि लगेच पुढच्या क्षणी पांढरी शुभ्र कणीक. खाली त्यानं लिहिलं, 'चाचा नेमकं काय करून राह्यले? तुम्हीच ठरवा.'

लोकांनी ठरवलं. अशा गोष्टी ठरवायला लोक टपलेलेच असतात. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या त्या भट्टीचे टोस्ट चहात बुडत होते, त्या घरांतून "थुंकते म्हणे" असं एकमेकांना ऐकवलं गेलं. शाळेनं खाऊचे पाव बंद केले, हॉटेलवाल्यांनी केले. कोणीतरी बंद शटरवर शेण फेकलं. सिस्टरनी व्हिडिओ पाहिला त्या दिवशी अमरला धरून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मी कोठी काय म्हटलं? मी तं फक्त प्रश्न विचारला." त्यांनी तो काढायला लावला. त्यानं काढला. पण तोवर त्या व्हिडिओला पाय फुटले होते. तो पुसदपर्यंत जाऊन आला आणि भट्टी थंड झाली. नौशाद दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून यवतमाळच्या फेऱ्या मारू लागला.

आणि विमल सिस्टरनी काय केलं? सरळ सांगायचं तर काहीच केलं नाही. पुढच्या प्रभुभोजनाला दुकानातला पाकिटातला पाव आणला, कडा काढून तुकडे केले, तबकात मांडले. मंडळीत एकानंही विचारलं नाही की पाव बदलला कसा. त्या रस्त्यानं जाणं सिस्टरनी टाळलं. पोरानं व्हिडिओ काढून टाकला, विषय मिटला, अशी मनाची समजूत घातली. दुसऱ्या कोणी अशी समजूत घातली असती तर त्यांनीच त्याला ओसरीवरून हाकललं असतं.

अशात मंडळीला नवे पाळक आले, राजकुमार. तरुण, तेलकट केस मागे वळवलेले, शर्टाच्या गळ्याला सदा एक छोटा माईक. त्यांनी आल्या आल्या 'तयारी' बंद केली. म्हणाले, लोकांना त्यात टेन्शन येतं, नवीन माणूस टिकत नाही. देव आपल्याला जसे आहोत तसे घेतो. मग त्यांनी एक मंगल कार्यालय भाड्यानं घेऊन संध्याकाळची पश्चात्ताप सभा भरवली. निळे जांभळे दिवे, धूर सोडणारं यंत्र, कीबोर्डवर एक पोरगा सारखा रडका सूर धरून बसलेला. सिस्टर मागच्या खुर्चीवर बसल्या. धुराचा वास फवारणीच्या औषधासारखा नाकात जात होता.

साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्याला कसं बदललं ते सांगायला, अमर उभा राहिला.

तो काय रडला! आवाज फाटला, गुडघ्यावर पडला, कपाळ स्टेजला टेकवलं. तो म्हणाला की मी दारूत बुडालो होतो, जुगारात घर विकायला निघालो होतो, माझ्या आईनं रात्र रात्र माझ्यासाठी अश्रू गाळले. सिस्टर ऐकत राहिल्या. पोराला दारूचा वास सहन होत नाही हे त्यांना ठाऊक होतं. जुगार म्हणाल तर दिवाळीत चुलत भावांबरोबर रमी. आणि त्या रात्र रात्र रडल्या होत्या त्या फक्त नवरा गेला तेव्हा. न केलेली पापं तो दागिन्यांसारखी अंगावर घालून मिरवत होता आणि केलेलं एकुलतं एक पाप खाली स्टेजच्या फळ्यांआड लपलं होतं. लोक हुंदके देत होते. पाळकांनी माईकमध्ये ओरडून सांगितलं की आज स्वर्गात मेजवानी आहे. सभा सुटल्यावर बायकापोरांनी अमरभोवती गराडा घातला, त्याच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढले, आणि तो रडून सुजलेल्या डोळ्यांनी प्रत्येक फोटोत नीट हसला. सिस्टर मोरीपाशी गेल्या आणि तोंडात पाणी साठत होतं ते थुंकून आल्या.

घरी आल्यावर त्यांनी त्याला हातपाय धुऊ दिले, जेवू दिलं. मग म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याचं काय?"

"कोणत्या?"

"मुख्तारचाचाचं. ते काहून नाही सांगितलं?"

अमरनं ताट बाजूला सारलं. "आई, तो विषय संपला. मी देवापाशी सगळं टाकलं. त्यानं माफ केलं. मंग तू कोण विचारणारी?"

"देवाची भट्टी बंद पाडली का तू? ज्याची पाडली त्याच्याकडं गेलता का?"

"तू सारखी भूतकाळ उकरून राह्यली. पाळकसाहेब म्हणतात, गिल्टमध्ये जगणं तब्येतीले चांगलं नाही. माणसानं स्वतःले माफ करायले शिकावं लागते."

"स्वतःले तं तू कवाच केलं, बाप्पा," सिस्टर म्हणाल्या. "त्यात तुह्या हाताले कोण धरते?"

तो फणफणत आत गेला. पण सकाळी स्वतःहून म्हणाला की येतो नौशादकडे. सिस्टरना बरं वाटलं, अगदी मनापासून. त्यांनी पटकन लुगडं बदललं, गुडघ्याला पट्टा बांधला. रस्त्यानं त्या त्याच्याकडे कौतुकानं बघत होत्या. आपण पोराला उगाच घालूनपाडून बोललो, असंही त्यांच्या मनात आलं.

नौशादच्या घराशी येताच अमरनं पाठीवरच्या पिशवीतून तीन पायांचं स्टँड काढलं, मोबाइल त्याला अडकवला, वर गोल दिवा लावला. तो दिवा बाजेवर पडलेल्या मुख्तारचाचांच्या तोंडावर पडला तसे ते दचकून उठून बसले. नौशाद ड्युटीवर निघण्याच्या घाईत होता, एका पायात बूट होता. अमरनं हात जोडले, मोबाइलकडे तोंड केलं आणि सुरू झाला. म्हणाला, "मित्रांनो, आज मी एका खास कुटुंबाला भेटायला आलोय. माझ्या एखाद्या व्हिडिओमुळे यांच्या भावना दुखावल्या गेल्या असतील, तर मी मोठ्या मनानं माफी मागतो. धर्म वेगळे असले तरी माणुसकी एक आहे." मग त्यानं नौशादला मिठी मारली. नौशादचे हात क्षणभर खालीच होते. अमर त्याच्या कानात हळूच म्हणाला, "भाई, जरा तूही पकड ना, चांगलं दिसते." नौशादनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. सकाळच्या वेळी ड्युटी चुकवून भांडायची ऐपत त्याच्यात उरली नव्हती.

मुख्तारचाचा एवढंच म्हणाले, "बैठ बेटा. पानी पिएगा?" त्यांना कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं की सगळं कळत होतं, देव जाणे. नसरीन आतल्या दाराशी उभी होती. ती सिस्टरकडे बघत होती आणि सिस्टरना तिच्याकडे बघता येईना.

तो व्हिडिओ चांगला चालला. आधीच्या व्हिडिओपेक्षाही. 'असा दिलदार माणूस', 'डोळ्यांत पाणी आलं', 'खरा ख्रिस्ती', लोकांनी बदामाची चित्रं ओतली. पाळकांनी तो मंडळीच्या ग्रुपवर टाकला. राख फुंकत होते आणि पुढचं मागचं मी कापलं, हे वाक्य त्या व्हिडिओत नव्हतं. म्हणजे भट्टीवरचा डाग जिथल्या तिथे राहिला आणि डाग लावणाऱ्याच्या गळ्यात हार पडला. सिस्टरना दोन दिवस अन्न गेलं नाही. घरात अमर फोनवर कोणाशी तरी सारखा बोलत असे, "हो, अजून दोन-तीन मनमिलापाचे करायचा विचार आहे," आणि त्या उठून ओसरीवर जाऊन बसत. आपण जन्माला घातलेल्या पोराची किळस यावी, यासारखं आईवर दुसरं संकट नाही. ते त्यांनी कोणाला सांगितलंही नाही.

पहिला रविवार आला. सिस्टरनी पाकीट फोडलं, कडा काढल्या, तुकडे तबकात मांडले. उपासनेत वेदीकडे बोलावणं झालं तसा सगळ्यांत आधी अमर उठला, आणि त्याच्या मागून बाकं रिकामी झाली. सिस्टर बसून राहिल्या. आख्ख्या चर्चमध्ये त्या एकट्या बाकावर, मांडीवर हात ठेवून. गुडघे दुखत असतील असं समजून पाळक तबक घेऊन स्वतः त्यांच्यापाशी आले.

"घ्या सिस्टर."

"माही तयारी नाही झाली," सिस्टर म्हणाल्या.

पाळक वाकून कुजबुजले, "सिस्टर, ते सगळं आता आपण बंद केलंय ना? अन् लाइव्ह चालू आहे. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. पोरानं केलं अन् मी झाकलं. ज्यायची भाकर आम्ही बंद पाडली त्यायच्या जागी मी पाकीट आणून ठेवते, अन् तुम्ही सगळे गोड मानून खाता. मले नाही गिळत."

त्या उठल्या आणि चालू लागल्या. वेदीपाशी गुडघे टेकलेला अमर मागे वळला नाही, पण त्याचे कान लाल झालेले सगळ्यांनी पाहिले. सिस्टर चर्चमधून निघाल्या त्या तडक नसरीनकडे गेल्या. या वेळी त्या दारातच थांबल्या.

"मी माफी मागायले आली, नसरीन. अमरची नाही, माही. व्हिडिओत काय होतं ते मले पहिल्या दिवशी माहीत होतं. चाचा राख फुंकत. मी लहानपणापासून त्यायले तसं फुंकताना पाहिलं. मी कोणाले सांगितलं नाही. पोराचं नाव खराब होईन म्हणून गप बसली."

नसरीन तांदूळ निवडत होती. सुपातून डोकं वर न काढता तिनं विचारलं, "सिस्टर, इबादतीचा पाव तुम्ही आता कुठून आणता?"

"दुकानातून. पाकिटातला," सिस्टर म्हणाल्या.

"पहिल्या महिन्यात अब्बानं भाजून ठेवलता. भट्टी बंद होती तरी चुलीवर, डब्यात. म्हणाले, बाकी कोणी आलं नाही तरी सिस्टर येतील. रात्री उशिरापर्यंत दाराकडं पाहत होते. तो पाव आम्ही दुसऱ्या दिवशी बकरीले टाकला." मग ती थांबली. सूप बाजूला ठेवलं. "माफीचं मंग पाहू. मले आज तुमाले माफ करता येत नाही, झूठ काहून बोलू? पण तुमाले करायचंच असन तं ज्यायनं तो व्हिडिओ पाह्यला त्यायले सांगा. आमाले सांगून काय फायदा? आमाले तं माहीतच आहे."

माणसाला तोंडावर कोणी इतकं खरं बोललं की राग यायला हवा. सिस्टरना उलट कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. त्या म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी भट्टी पेटव. थोडेच पाव कर. मी ओट्यावर बसते."

नौशाद नको म्हणत होता, पुन्हा शटरवर शेण फेकून घ्यायची हौस आहे का म्हणाला. मुख्तारचाचा मात्र काही न बोलता उठून लाकडं फोडायला बसले.

बाजाराच्या दिवशी सिस्टर भट्टीच्या ओट्यावर चटई टाकून बसल्या, गावात सगळे ओळखतात ती पांढरी साडी नेसून. आतून पाव आले तसा त्यांनी पहिला हातात घेतला आणि भर रस्त्यात सगळ्यांदेखत खाऊ लागल्या. येणारी जाणारी माणसं थबकत. कोणाची बाळंतपणं त्यांनी केलेली, कोणाची गळवं फोडलेली. त्यांना टाळून जायची सोय नव्हती. प्रत्येकाला त्या तेच सांगत, "माह्या पोरानं, अमरनं, तो व्हिडिओ कापून खोटा केला. चाचा रिकाम्या पत्र्यावरची राख फुंकत होते. मले माहीत होतं अन् मी बोलली नाही." काही जण मान हलवून सटकले. काही जणींनी "जाऊ द्या ना सिस्टर, झालं गेलं" म्हटलं, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "गेलं नाही, इथीच आहे. पाव घेते का?" एका हॉटेलवाल्यानं मान खाली घालून दोन लाद्या उचलल्या. एका बाईनं चटईवर थुंकल्यासारखं केलं आणि निघून गेली. सिस्टरनी तिच्याही मागून तेच वाक्य पूर्ण केलं.

पाळकांनी निरोप धाडला की मंडळीची बदनामी होतेय, हे घरातल्या घरात मिटवावं. सिस्टरनी निरोप्याला पाव खायला दिला.

तिसऱ्या का चौथ्या बाजाराला अमर आला. गर्दी बाजूला सारत ओट्यापाशी आला तेव्हा तो रागानं धुसफुसत होता. "आई, काय लावलं हे? लोक मले रस्त्यात विचारून राह्यले. माहे व्हिडिओ कोणी पाहत नाही आता. तुले पोटच्या पोराची इज्जत काढून काय भेटते?"

"बस," सिस्टरनी चटई सरकवली. "तू सांगायले बसला की मी उठते. एवढंच पाहिजे मले."

"मी माफी मागितली ना! सगळ्या जगानं पाहिली!"

"मंग काय केलं तेही जगाले दाखव. काढ तो मोबाइल."

भोवती माणसं जमली होती. आता मागे हटणं त्याला जड गेलं असावं. त्यानं मोबाइल काढला, आईच्या तोंडासमोर धरला, जरा हिणवतच म्हणाला, "बोल. बोल काय बोलायचं ते."

सिस्टरनी पदरानं ओठांवरचे कण पुसले. त्या सरळ मोबाइलमध्ये बघत म्हणाल्या, "मी विमल. माहा पोरगा अमर यानं मुख्तारचाचाचा व्हिडिओ कापला. चाचा थुंकले नव्हते, राख फुंकत होते. अमरले ते माहीत होतं. मलेही माहीत होतं. या भट्टीचा पाव चांगला आहे." मग त्या थांबल्या. "झालं. आता हे टाक. काही कापू नको."

अमरचा अंगठा काचेवर तरंगत राहिला. समोर आई होती, बाजूला नौशाद होता, आतल्या उजेडात मुख्तारचाचा पत्र्यावर वाकलेले होते. हजारो लोकांसमोर न प्यायलेल्या दारूसाठी ढसाढसा रडलेला तो माणूस, त्याला ती इवलीशी गोष्ट होईना. त्यानं मोबाइल खिशात टाकला. "घरी जाऊन टाकतो," म्हणाला, "इथी रेंज नाही."

रेंज होती. पलीकडे पानठेल्यावर पोरं मोबाइलवर क्रिकेट बघत होती.

त्याला आता बरेच महिने झाले. भट्टी आठवड्यातून दोनदा पेटते. गिऱ्हाईक निम्मंही परत आलेलं नाही, आणि नौशाद अजून जीप चालवतो. नसरीननं माफ केलं असं काही म्हटलेलं नाही, पण ती सिस्टरना चहा देते. चर्चमध्ये पहिल्या रविवारी सिस्टर बाकावरच बसतात. गेल्या खेपेला त्यांच्या शेजारी आणखी दोघी बसून राहिल्या. अमर वेदीपाशी सगळ्यांत आधी जातो. आणि बाजाराच्या दिवशी सिस्टर ओट्यावर असतात. येणाऱ्याला तेच सांगतात, पोरानं काय केलं, आपण काय केलं. त्यात आता शेवटी एक वाक्य वाढलंय. पावाची लादी कागदात बांधून देताना त्या म्हणतात, "अमरनं अजून कबूल नाही केलं. तुमाले भेटला तं विचारजा."